नसा ठेवा, असं मीच म्हणाले

माझ्या नवऱ्याची लघवीची पिशवी काढून टाकली आणि त्यांच्याच आतड्याची नवी करून बसवली. हे वाक्य मी आता एका दमात लिहू शकते. दीड वर्षापूर्वी यातला लघवी हा शब्दसुद्धा मी घरातल्या पुरुषमाणसांसमोर उच्चारला नव्हता.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा बाकावर येवल्याकडची एक बाई शेजारी बसली होती. तिच्या नवऱ्याला तोच आजार, ऑपरेशन व्हायचं होतं. बराच वेळ हातातल्या कापडी पिशवीच्या बंदाशी चाळा करून तिनं मला हळूच विचारलं, "ताई, नंतर सगळं पहिल्यासारखं होतं का?" तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मला कळलं हे तिलाही कळलं. पण दोन्हीकडे पुरुष बसलेले. मी नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते माझं मलाच ठाऊक नाही. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा नंबर लागला.

तिला सांगायचं राहून गेलं ते इथे लिहिते. सोनलच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत. वही कुणाला दाखवायची का ते अजून ठरवलेलं नाही. पण लिहिताना लपवायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

उन्हाळी

नाशिकच्या बाहेर आमची दीड एकर जमीन आहे. झेंडू जवळजवळ बारा महिने, शेवंती सणासुदीला. हे दिवसभर वावरात असतात आणि लघवीला बांधावर जातात. काळ्या मातीत लाल दिसत नाही. त्यामुळे यांना किती दिवस रक्त जात होतं ते आम्हाला कधीच कळणार नाही.

कळलं ते माझ्या भाचीच्या लग्नात, मंगल कार्यालयातल्या पांढऱ्या भांड्यात. हे बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "उन्हाळी लागली वाटतं. लाल व्हतंय." मी विचारलं दुखतंय का, तर नाही. जळजळ होतेय का, तर तीही नाही. मग उष्णताच, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

घरी आल्यावर मी धने-जिरे भिजवून त्याचं पाणी द्यायला लागले, त्यात खडीसाखर. चार दिवसांत लघवी साफ. महिन्याभरानं पुन्हा लाल झाली, पुन्हा धन्याचं पाणी, पुन्हा साफ. असं पाच महिने चाललं. मला तर आपल्या हाताला गुण आहे असं वाटायला लागलं होतं. वाडीतल्या दोन बायकांना मी कृतीही सांगितली.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हे रक्त आपोआप येतं आणि आपोआप थांबतं, दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो. तेव्हा मी त्या दोन बायकांच्या घरी जाऊन आले. लाल लघवी एकदा जरी झाली, न दुखता झाली, तरी दवाखान्यात जा, असं सांगितलं. धने स्वयंपाकात वापरा.

दाराबाहेर

यांचे थोरले भाऊ म्हणजे तात्या. सासरे लवकर गेले, तेव्हा हे सात वर्षांचे होते. तात्यांनी यांना वाढवलं, शाळेत घातलं, लग्न करून दिलं. ते वाईट नाहीत हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याविषयी बरंच लिहायचं आहे.

आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागतं. तात्या समोर ओट्यावर बसलेले असले तरी मी सोनलला सांगायची, "तात्यांना म्हणावं, चहा झाला." तात्याही सोनललाच सांगायचे, "आईला म्हणावं, साखर कमी टाक." सोनल दोन वर्षांची होती तेव्हापासून हे काम करते. तिच्याआधी पुतण्या करायचा. कुणीच नसलं तर मी भिंतीकडे बघून बोलायची. चोवीस वर्षं असं चाललं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

म्हणून सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट आला, तेव्हा हे आणि तात्या आत गेले आणि मी दाराबाहेर उभी राहिले. मागाहून कळलं, डॉक्टरांनी बिडी ओढता का विचारलं, तर हे म्हणाले, थोडी. थोडी म्हणजे दिवसाला एक बंडल, हे सांगायला आत कुणी नव्हतं.

दोघं बाहेर आले तेव्हा तात्यांनी यांचा हात धरलेला होता. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा धरतात तसा. या दोघांना मी असं कधी पाहिलेलं नव्हतं. तात्या समोरच्या फरशीला म्हणाले, इन्फेक्शन आहे, इलाज होईल.

फाईल सोनलकडे होती. गाड्या लावतात तिथे एका टेम्पोच्या आडोशाला तिनं ती उघडून वाचली आणि मला सांगितलं. मी तिथेच खाली बसले. ती म्हणाली, "आई, उठ. पप्पा बघतील." मी उठले. रिक्षात हे माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "इन्फेक्शन हाय म्हणे." मी म्हणाले, "मला कळलंय." मग घरापर्यंत दोघंही बाहेर बघत आलो.

शेवंतीचा वास

आधी केमो दिला, गाठ आकसावी म्हणून. त्याविषयी थोडंच लिहिते, कारण ते दिवस मला तुकड्यातुकड्यानंच आठवतात. यांचे केस गेले, तोंड आलं, भाताशिवाय काही जाईना. आणि ज्या माणसानं सगळी हयात फुलांत काढली, त्याला शेवंतीच्या वासानं उलटी होऊ लागली. मग मी वावरातून आले की मोरीत साडी बदलायची, कोपरापर्यंत हात साबणानं धुवायची आणि मगच यांच्याजवळ जायची.

तोडा थांबत नाही. झाडावर फूल तयार झालं की ते तोडावंच लागतं. बाजारात आजवर हे जायचे. आता मी कॅरेट टेम्पोत चढवून टेम्पोवाल्याशेजारी बसून जाऊ लागले. पहिल्या दिवशी भाव सांगताना माझा आवाजच फुटला नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, जरा मोठ्यानं, का फुलंच बोलणार हायेत?" आजूबाजूचे हसले. दुसऱ्या आठवड्यात मी मोठ्यानं बोलले. पुढे जे झालं त्याची सवय मला बहुतेक तिथेच लागली.

कागदावरचा पेरू

केमोचे फेरे संपले, स्कॅन झाला. आता पिशवी काढायची होती. त्या दिवशी सोनलचा पेपर होता, म्हणून आम्ही तिघंच गेलो. नेहमीप्रमाणे मी दाराबाहेर थांबले. पण सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, पेशंटच्या मिसेसना आत बोलावलंय, घरी नळ्या त्याच सांभाळणार ना. मी आत गेले. खुर्च्या दोन होत्या. मी यांच्या खुर्चीमागे उभी राहिले, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

डॉक्टरांनी कागदावर पिशवी काढली. उलट्या पेरूसारखी दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी बारीक रेघा ओढल्या. म्हणाले, या नसा आहेत, केसासारख्या, पिशवीच्या खालून चिकटून जातात. पुरुषाची ताकद या नसांवर असते. नवी पिशवी लावली की लघवी धरून ठेवायलाही यांची मदत होते. ऑपरेशन रोबोटनं करायचं आहे, त्याच्या कॅमेऱ्यातून मला त्या खूप मोठ्या दिसतात, त्यामुळे सोलून बाजूला ठेवता येतात. सगळ्यांच्याच ठेवता येत नाहीत. तुमची गाठ वरच्या अंगाला आहे, म्हणून प्रयत्न करता येईल. करायचा का?

हे टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. उत्तर तात्यांनी दिलं.

"कापा सगळं, डॉक्टर. नसा-बिसा ठेवून काय करायचंय? पोरगी लग्नाला आली त्याची. जीव ऱ्हायला म्हंजी झालं."

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. यांची नजर काचेवरच. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. ते आता लिहिणार, आणि लिहिलं की संपलं, हे मला दिसत होतं. सुपारी फुटायला अडकित्त्याचा एक दाब पुरतो, तेवढ्याच वेळाचा प्रश्न होता. माझं वय त्रेचाळीस. यांचं एकोणपन्नास. आम्ही दोघं अजून म्हातारे नव्हतो आणि हे त्या खोलीत कुणीच बोलत नव्हतं.

मी विचारलं, "डॉक्टर, नसा ठेवल्या तर आजार मागं राहील का?"

तात्यांनी मान वळवली नाही. यांना म्हणाले, "भास्कर, तिला म्हणावं बाहेर बस."

अशा वेळी मध्ये सोनल असते. तिथे फक्त डॉक्टर होते.

"डॉक्टर, तात्यांना सांगा, मी इथंच थांबते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. "ते ऐकतायत की," डॉक्टर म्हणाले.

"तरी सांगा."

डॉक्टर भले माणूस. त्यांनी तात्यांना सांगितलं, "त्या इथेच थांबतायत." मग माझ्या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. म्हणाले, धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण ऑपरेशन चालू असतानाच तिथला तुकडा तपासायला पाठवतो. शंका आली तर त्या बाजूच्या नसा काढून टाकतो. आधी जीव, मग नसा, हे मीही मानतो.

"मग ठेवा," मी म्हणाले. "शंका येईल तिथं कापा. नसेल तिथं ठेवा."

"डॉक्टर, हिला विचारा," तात्यांचा आवाज चढला, "उद्या माझ्या भावाला परत उठलं तर कोण बघणार हाय?"

डॉक्टरांना आता रीत समजली होती. ते माझ्याकडे वळले.

"मीच बघणार," मी म्हणाले. "आताही मीच बघते. तात्यांना सांगा, जीव मलापण हवाय. पण वाचल्यावर ह्यांना जगायचंय माझ्यासंगट. खोलीत तात्या नसणार."

हे शेवटचं वाक्य कसं निघालं मला माहीत नाही. यांच्या खुर्चीची पाठ मी घट्ट धरली होती. तात्या उठले आणि बाहेर गेले. डॉक्टर यांना म्हणाले, "भास्करराव, शरीर तुमचं आहे. दोन दिवसांनी सांगा."

बांधावर

घरी आल्यावर जाऊबाईंनी दारातच गाठलं. बातमी आमच्याआधी पोचली होती. "बाई, लाज नाय वाटली का तुला? डॉक्टरपुढं?"

"वाटली," मी म्हणाले. "लय वाटली. पण विचारलं."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांनी कशाला म्हणायचं? तुम्ही सांगणार असाल तर म्हणतील."

त्या आत गेल्या. आमच्या दोन घरांतली ताकाची देवाणघेवाण मग चार दिवस बंद.

हे संध्याकाळी ठिबक बघायला म्हणून बांधावर जाऊन बसले होते. मीही गेले. हे म्हणाले, "कशाला बोललीस? तात्याला किती लागलं."

"तुम्ही बोलला असता तर मी कशाला बोलले असते?"

"मी काय बोलणार? वाचलो तर बास, मला असं वाटतंय. बाकीचं मागायला भ्या वाटतं. जास्त मागितलं तर हे पण जाईल."

भीती ही अशी होती, तर. मला वाटलं होतं यांना नको आहे. मी विचारलं, "तुम्हाला हवंय का नको, एवढं सांगा. तात्यांना काय वाटतं ते सोडा, मला काय वाटतं तेही सोडा."

यांनी वाफ्यातलं गवत उपटायला सुरुवात केली. सगळा कोपरा साफ केला. मग म्हणाले, "हवंय."

"मग झालं."

"आणि नाय जमलं तर? तू..."

"मी कुठं चालले?"

हे हसले. केमोनंतर पहिल्यांदा. "तुला कवापासून एवढं बोलता यायला लागलं?"

"येत होतं," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं नाही."

सही

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आल्या. पेशंटची सही, खाली नातेवाइकाची. आजवरच्या प्रत्येक कागदावर ती तात्यांची होती. तात्या वॉर्डच्या दारात उभे होते. कागद पुढे केला तर हात मागे घेतला. सिस्टरांना म्हणाले, "ज्यांनी ठरवलं त्यांचीच घ्या."

मी आत्तापर्यंत बँकेत आणि रेशनच्या दुकानातच सही केलेली. नाव पुरं लिहायला मला वेळ लागतो. लिहिताना कळत होतं की तात्यांनी मला मोकळीक दिलेली नाही, ओझं दिलं आहे. नसा राहिल्या आणि त्यांच्यात आजार राहिला, तर यापुढे या घरात जे काही होईल ते माझ्या या सहीनं झालेलं असेल. यांच्या तेराव्याला बायका कुजबुजतील की हिलाच पाहिजे होतं. मी एकेक अक्षर काढलं आणि कागद परत दिला.

दोन नातेवाईक

रोबोट म्हणजे लोखंडी माणूस चालत येणार, असं आमच्या वाडीत सगळ्यांना वाटत होतं. जाऊबाईंनी ताक बंद असतानाही खिडकीतून विचारलं होतं, ते मधेच बिघडलं तर? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्याला नुसते हात आहेत, ते माझ्या हातांनी चालतात, मी तिथेच बसलेला असतो.

सकाळी यांना नेलं. मी आणि सोनल हॉलमध्ये बसलो. तात्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला एकटे बसले होते. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. मी सोनलकडे पोळीभाजीचा डबा दिला, म्हटलं, तात्यांना दे. ती देऊन आली. म्हणाली, ते म्हणतात आईनं खाल्लं का विचार. मी म्हटलं, सांग खाल्लं. मी खाल्लं नव्हतं. त्यांनीही डबा तसाच मांडीवर धरून ठेवला.

दुपारी एक तरुण डॉक्टर दारात आल्या आणि भास्कररावांचे नातेवाईक कोण म्हणून विचारलं. मी उठले. तिकडून तात्या उठले. दोघंही दारापर्यंत गेलो आणि त्यांच्यापुढे शेजारी शेजारी उभे राहिलो. त्यांनी सांगितलं की उजव्या बाजूला शंका आली, तिथल्या नसा काढल्या. डाव्या बाजूचा तुकडा साफ आला, त्या ठेवल्या. आता आतड्याची पिशवी शिवतायत, वेळ लागेल.

उजवीकडे शंका. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. तात्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि परत आपल्या टोकाला गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

अंधार पडायच्या आत यांना बाहेर आणलं.

नळ्या

पुढचे दिवस नळ्यांचे. पोटातून नळी, खालून नळी, नाकातून नळी. नव्या पिशवीत आतड्याचा चिकट स्राव साठतो आणि नळी तुंबते. त्यामुळे सिरिंजनं मिठाचं पाणी आत सोडायचं, पुन्हा हळूच ओढून घ्यायचं. सिस्टरांनी मला शिकवलं. पहिल्यांदा जमेना. सिस्टर म्हणाल्या, फुलं ओवता ना, तेवढ्याच हलक्या हातानं. मग जमलं.

छोट्या छोट्या गोष्टींचा आनंद व्हायचा. चौथ्या दिवशी यांचा वारा सरला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळी वाजवली, कारण त्यावरच पेज मिळणार की नाही ते ठरत होतं. यांना आधी लाज वाटली, मग स्वतःच हसले आणि टाके दुखले म्हणून मला शिव्या दिल्या.

पण उजवीकडच्या शंकेचा कागद यायचा होता. काढलेलं सगळं तपासायला गेलं होतं. बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी खूप वेळा मनात सगळं कापून टाकलं. तात्या म्हणाले तेच बरोबर होतं, मी कशाला तोंड उघडलं, असं सिरिंज धुताना, डायपर बदलताना, चहाला रांगेत उभं राहताना वाटायचं. येवल्याच्या बाईला हे सांगायलाच हवं होतं. धीट दिसणारी माणसं बोलून मोकळी होतात असं नाही. बोलल्यानंतरच खरी भीती वाटते. तेव्हा आपण एकटे असतो.

कागद आला तेव्हा डॉक्टरांनी तो आधी मलाच समजावला. आजार उजव्या बाजूला नसांच्या अगदी जवळ आला होता. त्या काढल्या हे चांगलं झालं. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. सगळ्या कडा स्वच्छ.

म्हणजे उजवीकडे तात्यांचं बरोबर होतं आणि डावीकडे माझं. डावीकडच्या नसा राहिल्या त्या मी मागितल्या म्हणून. मागितल्या नसत्या तर चांगल्या असूनही कापल्या गेल्या असत्या, आणि तसं झालं हे आम्हाला कुणी सांगितलंही नसतं.

हसण्यासारखं काय आहे

आता उरलेलं सांगते, ज्यासाठी लिहायला बसले.

नळी निघाल्यावर लघवी धरायला शिकावं लागतं. लहान मुलासारखं, घड्याळ लावून. यांना आता लघवीची कळ येत नाही, पोट जड वाटतं तेवढंच. बसून, पोटावर दाब देऊन करायची. दिवसाचं दोन महिन्यांत जमलं. रात्रीचं अजून पुरतं जमत नाही, खाली रबरी कापड घालतो. बांधावर उभं राहणं बंद झालं. पहिल्यांदा संडासात बसून आले तेव्हा म्हणाले, "बाईमाणूस झालो मी." मी म्हणाले, "मग या, पीठ मळा." हे मोरीच्या कट्ट्यावर बसून हसले, आणि हसता हसता थोडं रडले.

दुसरं काहीच नव्हतं. चार महिने काहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका बाजूच्या नसांना जाग यायला वर्षसुद्धा लागतं, धीर धरा, आणि गोळी लिहून दिली. यांच्यानं ती आणवेना. गावातलं मेडिकल तात्यांच्या मित्राचं. मग फुलं विकून झाल्यावर मीच शहरातल्या दुकानात चिठ्ठी दिली. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्याला दाखवली. दोघं हसले.

मी म्हणाले, "कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं औषध आहे ते. हसण्यासारखं काय लिहिलंय त्यात? मलाही वाचून दाखवा."

मागे गिऱ्हाइकं होती. मी हे बाजारातल्या आवाजात बोलले. गोळ्या पाकिटात घालून मिळाल्या, पाकिटाला स्टेपलही मारून मिळालं.

गोळी घेऊनही लगेच काही झालं नाही. हे चिडायचे, पाठ फिरवून झोपायचे. मला वाटायचं की मी हट्ट करून यांना रोज हरायला लावते आहे. एकदा मी म्हणाले, सोडून देऊ, आपण काय कमी आहोत. तर हे म्हणाले, "एवढी सगळ्यांशी भांडलीस आणि आता माझ्यावर सोडतीस का?"

मग एका दुपारी, तोडा संपवून आलो होतो, सोनल कॉलेजात होती. पुढचं लिहीत नाही. ते आमचं आहे. लपवायचं नाही असं वर लिहिलंय खरं, पण सगळ्याच गोष्टी दाखवायच्या नसतात.

नवव्या महिन्यातली तपासणी

ऑपरेशननंतरच्या त्या तपासणीला तात्या आले होते. ते येतातच. दोन खुर्च्यांवर हे आणि मी बसलो, तात्या मागे उभे. मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले आहे हे माझ्या लक्षात बसल्यावर आलं. उठले नाही.

स्कॅन चांगला होता. लघवीविषयी विचारून झाल्यावर डॉक्टर फाईल उलटत म्हणाले, "आणि ते दुसरं?"

तात्या खाकरले. "मी गाडी काढतो," म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण तोंड माझ्याकडे होतं. बाहेर गेले आणि दार पूर्ण लागेपर्यंत ओढून घेतलं.

हे टेबलावरच्या काचेकडे बघायला लागले. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं.

"मी सांगते," मी म्हणाले. "कधी गोळीनं होतं, कधी गोळीनंही होत नाही. पहिल्यासारखं नाही. पण होतं. लिहून घ्या."